वस्तऱ्याला रोज एक नवी गोष्ट

त्या सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या, आरसे दोन होते आणि भाऊही दोनच होते. भाऊ एकमेकांशी बोलत नसत. म्हणून भांडण थांबलं होतं असं मात्र नाही. ते दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू असायचं, फक्त गिऱ्हाइकामार्फत.

“त्यांना सांगा,” दारापाशीच्या खुर्चीमागे उभा असलेला थोरला आपल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून म्हणायचा, “जाताना नळ घट्ट बंद करत जा म्हणावं. रात्रभर ठिबकत होता.”

“त्यांना सांगा,” आतल्या खुर्चीमागून धाकटा आपल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, “नळ बिघडलाय. घट्ट फिरवून सगळंच बंद झालं असतं, तर काही लोकांची तोंडं मी केव्हाच फिरवली असती.”

जुनी गिऱ्हाइकं डोळे मिटून बसायची. एकदा एक नवखा माणूस खरोखरच मान वळवून निरोप पोचवायला निघाला, तर दोघेही त्याच्यावर एकदम खेकसले, “ऐकू आलंय! मान सरळ ठेवा!” एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

भांडणाचं मूळ दारापाशीच्या खुर्चीत होतं. ती त्यांच्या वडिलांची. रस्त्यावरचा उजेड तिच्यावर पडायचा, आत येणारा माणूस आधी तिलाच अडखळायचा, त्यामुळे दुकानाचा मालक कोण हे ती खुर्ची न बोलता सांगायची. वडील गेल्यावर दुकान पहिल्यांदा उघडलं त्या सकाळी धाकटा आला तेव्हा थोरल्याचा वस्तरा, ब्रश आणि चामडी पट्टा वडिलांच्या आरशाखाली मांडून झालेला होता.

“विचारायचं तरी होतंस, दादा,” धाकटा म्हणाला.

“त्यात विचारायचं काय? मी थोरला.”

ते शेवटचं सरळ बोलणं. त्यानंतर धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं, थोरल्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं, दुकानाचा रंग दोनदा बदलला, पण निरोप सगळे गिऱ्हाइकांच्या डोक्यावरूनच गेले.

थोरल्याचा हात पूर्वी असा होता की गालावर वस्तरा फिरतोय हे माणसाला फक्त आवाजावरून कळावं. त्या हाताने अलीकडे दगा द्यायला सुरुवात केली. आधी घरी चहाची बशी वाजली. बायकोने बशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलली नाही. ती काही बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर, हे त्याला माहीत होतं. मग एका सकाळी दुकानात वस्तरा उघडला आणि पातं उजेडात थरथरताना त्याला स्वतःलाच दिसलं. डॉक्टरकडे जायची हिंमत झाली नाही. डॉक्टर काय म्हणेल ते त्याला ठाऊक होतं, आणि धाकटा काय म्हणेल ते तर त्याहून ठाऊक होतं.

उपाय सापडला तो योगायोगाने. दोन आरशांच्या मधल्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं असायचं. पुढे मोठ्या आकड्यात तारीख, मागे चार ओळींत कसलीशी माहिती. त्या मागच्या ओळी इतकी वर्षं कुणी वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी पान फाडताना ते उलटं हातात आलं आणि थोरल्याने वाचलं की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. त्याला गंमत वाटली. समोर बसलेल्या शिंप्याला तो ते सांगायला लागला. सांगता सांगता एक गाल झाला, दुसरा झाला, हनुवटी झाली, आणि वस्तरा पुसताना त्याच्या लक्षात आलं की हात एकदाही हलला नव्हता.

पुढच्या गिऱ्हाइकालाही त्याने ऑक्टोपसच ऐकवला, आणि हात दिवसभर शहाण्यासारखा वागला. दुसऱ्या दिवशी मात्र तोच ऑक्टोपस सांगायला घेतला, तर पातं कानशिलापाशी पुन्हा नाचायला लागलं. घाईघाईने त्याने नवं पान फाडलं. फुलपाखरू पायांनी चव घेतं, असं त्यावर होतं. फुलपाखराने हात ताळ्यावर आला. असं का होत असे ते त्याला कधीच कळलं नाही. नेम एवढाच होता की गोष्ट त्याच दिवशी कळलेली, ताजी हवी. काल वाचलेलं आज चालत नसे आणि मनातल्या मनात म्हटलेलंही चालत नसे. ती मोठ्याने कुणाला तरी सांगावी लागे.

त्याने बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे तुमचा हात तुमच्या जिभेला बांधलाय म्हणायचा. मग आयुष्यभर मेली जीभ कात्रीसारखी चालवलीत तेव्हा काय हाताची तालीम चालली होती?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “भावोजींना सांगून टाका.”

“त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी त्याचे ब्रश माझ्या आरशाखाली दिसतील.”

“दिसू देत. कुणाचा तरी गळा कापण्यापेक्षा बरं.”

“वस्तरा गेला तर मी काय करू? केस झाडू?” तो म्हणाला.

अशा रीतीने थोरला रोज एक नवी गोष्ट शिकू लागला. शाळेत असताना ज्याला मास्तर वर्गाबाहेर उभा करायचे, तो आता गिऱ्हाइकांना सांगत होता की जिराफाच्या मानेत हाडं माणसाइतकीच, सातच असतात आणि शार्क माशाच्या अंगात हाड म्हणून नसतंच. लोकांना ते आवडायला लागलं. “आज काय नवीन?” असं विचारत माणसं आत यायची आणि आतली खुर्ची रिकामी असली तरी बाकावर थांबून राहायची. धाकटा हातात फडकं घेऊन रिकाम्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. थोरला हे सगळं आपली गिऱ्हाइकं पळवण्यासाठी करतो, याबद्दल त्याची खात्री होती.

“प्रोफेसरांना विचारा,” तो बाकावरच्या लोकांना म्हणायचा, “शार्क माशाची दाढी कशी करतात तेवढं सांगा म्हणावं.”

एक दिवस प्रोफेसर पान वाचून खिशात घालताना त्याने पाहिले आणि ज्ञानाची विहीर कुठे आहे ते त्याला कळलं. दुकान उघडायचं काम थोरल्याचं असलं, तरी बंद करायचं काम त्याचं होतं. संध्याकाळी त्याने दुसऱ्या दिवशीचं पान उचलून मागे डोकावून पाहिलं. सकाळी थोरल्याने “तुम्हाला सांगतो, सुतार पक्ष्याची जीभ” एवढं म्हटलं मात्र, आतून मोठ्याने आवाज आला, “कवटीला मागून वळसा घालून पुढे येते. झालं? आता दाढी करा.”

बाकावरचे लोक हसले. थोरल्याने वस्तरा पट्ट्यावर घासायचं निमित्त केलं, मग तो खाली ठेवला आणि बाहेर जाऊन थुंकून आला. बाकावरच्या सगळ्यांना आधीच कळलेलं ते पान मेलं होतं. त्या दिवशी त्याने डोकेदुखीचं सोंग करून फक्त केस कापायचं मशीन चालवलं.

तेव्हापासून तो घरी जायच्या आधी उद्याचं पान न वाचता फाडून घडी करून खिशात घालू लागला. धाकट्याला राग आला. त्याने परवाचं फाडलं. थोरल्याने तेरवाचं फाडलं. तोंडाने एक शब्दही न बोलता दोघे पुढचे दिवस ओरबाडत राहिले, आणि भिंतीवरची तारीख गावाच्या पुढे पळायला लागली. कॅलेंडरकडे बघून खरी तारीख सांगणारं दुकानात कुणीच उरलं नाही. एकाही भावाने “अरे, आज तर चौदा आहे” असं म्हटलं नाही, कारण तसं म्हणायला आधी बोलावं लागलं असतं.

याचा फटका बसला तो बेलीफसाहेबांना.

बेलीफसाहेब म्हणजे कोर्टाचे समन्स घरोघरी पोचवणारे गृहस्थ. जाडजूड, तापट आणि वक्तशीर. दारापाशीच्या खुर्चीत बसून दाढी करून घ्यायची आणि मग रस्ता ओलांडून कोर्टात जायचं हा त्यांचा शिरस्ता. थोरल्याने त्यांचा उजवा गाल संपवला होता आणि तो त्यांना सांगत होता की शुक्रावरचा एक दिवस शुक्रावरच्या एका वर्षापेक्षा मोठा असतो.

“दिवस वर्षापेक्षा मोठा? काहीतरी काय!” असं म्हणत साहेबांनी सहज भिंतीकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “सतरा? आज सतरा तारीख? अहो, सतराला मला जजसाहेबांपुढे उभं राहायचंय!”

थोरला काही म्हणायच्या आत साहेब गळ्यातल्या कापडासकट रस्त्यावर होते. डाव्या गालावर साबण, उजवा गाल तुळतुळीत, अशा अवस्थेत ते भर कोर्टात जाऊन उभे राहिले. तिथे वेगळाच खटला चालू होता. आधी वकील हसले, मग पक्षकार हसले आणि शेवटी, साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे, आरोपीसुद्धा हसला.

ते परत आले तेव्हा गालावरचा साबण वाळून पापुद्रे सुटले होते. आल्या आल्या त्यांनी कॅलेंडर खिळ्यावरून ओढून काढलं आणि काखेत मारलं.

“हे आता माझ्याकडे राहील. पुरावा म्हणून.” मग खुर्चीत धपकन बसले. “राहिलेली अर्धी करा. आणि एक अक्षर बोलायचं नाही. तुमचं ते शुक्र आणि शनि ऐकत बसलो म्हणून आज माझी शोभा झाली. तोंडातून ब्र काढलात तर याद राखा.”

थोरल्याने साबण लावला. तो लावताना हात हलला, पण साबणाला काही फरक पडत नाही. त्याने वस्तरा उघडला. मनातल्या मनात शुक्र म्हणून पाहिला. शुक्र गप्प राहिला. आरशात त्याला आतल्या खुर्चीमागचा धाकटा दिसत होता, आणि तोही आरशातूनच बघत होता. पातं कानाखाली टेकलं आणि लाल रेघ उमटली.

“मारलं हो मला!” बेलीफसाहेब ओरडले.

धाकटा तुरटी घेऊन धावत आला. त्याने रक्त थांबवलं, थोरल्याच्या हातून वस्तरा काढून घेतला आणि उरलेला गाल न बोलता संपवला. साहेब कॅलेंडर घेऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले, “उद्यापासून समोरच्या गल्लीत जाईन मी. तिथला माणूस मुका आहे.”

दुकानात कुणी उरलं नाही.

“दादा,” धाकटा म्हणाला, “हात दाखव.”

“त्यांना सांगा,” थोरला सवयीने म्हणाला आणि थांबला, कारण सांगायला तिसरं माणूसच नव्हतं.

“हात दाखव म्हणतो ना.”

“तू कोण मला हुकूम सोडणारा? साहेब हलले म्हणून लागलं.”

“साहेब दगडासारखे बसले होते. मी बघत होतो. कधीपासून आहे हे?”

थोरल्याने हात मागे घेतले.

“खुर्ची सोड,” धाकटा म्हणाला. “तू आत ये. कात्री चालव, मशीन चालव. वस्तरा मी धरतो. दारापाशी मी.”

“याचीच वाट बघत होतास ना इतकी वर्षं?”

“होय. बघत होतो. खोटं कशाला बोलू? खुर्ची हवी होती मला. पण अशी नको होती, गिऱ्हाइकाच्या रक्ताने पुसलेली. बाहेर पाटीवर बाबांचं नाव आहे.”

“माझा हात चालतो.”

“चालतो? मग उद्या सकाळी पहिली दाढी माझी कर. मी बसतो. एक ओरखडा निघाला, तर त्याच क्षणी खुर्ची माझी.”

“आणि नाही निघाला तर?”

“तर माझं तोंड बघू नकोस.”

“ते मी आत्ताही बघत नाही,” थोरला म्हणाला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने कपाळाला हात लावला, पण मग मदतीलाही लागली. “त्यांना काहीतरी सांगा उद्या. मी सांगू नवीन? तुमच्या भावाला तुमच्यापेक्षा अक्कल जरा बरी आहे.”

“हे जुनं आहे,” तो म्हणाला. “आणि आज कळलेलं उद्या शिळं होतं. सकाळीच कळायला हवं. कॅलेंडर तर त्या बेलीफाच्या काखेत गेलं.”

सकाळी तो घरून लवकर निघाला. वाटेत त्याने रस्ता झाडणाऱ्या बाईला विचारलं, काही नवीन कळलं का. तिने झाडू थांबवून त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे सटकला. पेपरवाल्याकडून मथळे वाचून पाहिले. तो दुकानात पोचेपर्यंत ते सगळे गावभर झालेले असणार, धाकट्याला तर सगळ्यात आधी कळलेले. शेवटी तो रिकाम्या डोक्यानेच दुकानापाशी पोचला. धाकटा बंद दारापुढे उभा होता. आज पहिल्यांदा तो आधी आला होता.

थोरल्याने दार उघडलं. धाकटा आत गेला, वडिलांच्या खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली.

“रात्री विचार केला मी,” तो आढ्याकडे बघत म्हणाला. “बोलतोस तेव्हा तुझा हात हलत नाही. म्हणून ती पानं. बरोबर ना?”

“मग? हस आता.”

“हसायला आलो नाही मी. बोल काय बोलायचं ते. आज मधे तोंड घालणार नाही. पण मला माहीत नसलेलं बोल, म्हणजे कळेल तरी की तुला काहीतरी येतं.”

थोरल्याने कापड बांधलं, जरा जास्तच आवळून. साबण लावला. वस्तरा पट्ट्यावर घासला, पुन्हा घासला, गरज नसताना तिसऱ्यांदा घासला. पातं थरथरत होतं. धाकट्याला आरशात ते दिसत होतं, तरी तो उठला नाही. त्याचे हात मात्र खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट आवळले गेले. जगात अशी माणसं कमी, ज्यांना गळ्यापाशी वस्तरा घेऊन उभा असलेला भाऊ नको असतो आणि तरीही ती बसून राहतात.

थोरल्याने डाव्या हाताचा अंगठा भावाच्या जबड्याखाली ठेवून कातडी ताणली. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याने भावाच्या चेहऱ्याला कधी हात लावला नव्हता. अंगठ्याखाली काहीतरी उलटं लागलं.

“हे काय?”

“काय हे काय?”

“इथले केस वर वाढतात. कानाकडे. बाकी सगळे खाली.”

“माहीत आहे मला. रोज मीच करतो माझी दाढी. हीच का तुझी नवी माहिती?”

“बाबांचेही असेच होते,” थोरला म्हणाला.

धाकट्याची नजर आरशातल्या भावाकडे वळली.

“डाव्याच बाजूला. अगदी इथेच. शेवटच्या आजारपणात मीच त्यांची दाढी करायचो, तू तेव्हा दुकान बघायचास. इथे वस्तरा आला की ते न सांगता मान उजवीकडे वळवायचे. आवाज बसलेला होता, पण मान बरोबर वळायची. इथे उलटा हात फिरवायचा नाही, वरून तिरका उतरायचा, असं मी त्यांच्यावरच शिकलो. माझ्या चेहऱ्यावर नाहीये हे. माझे सरळ आहेत, आईसारखे. मला वाटलं, त्यांच्याबरोबरच गेलं.” तो बोलत होता आणि वस्तरा तिरका उतरत होता. “आणि तू आत्ता मान उजवीकडे वळवलीस. मी सांगितलं नव्हतं.”

धाकट्याने मान जिथे होती तिथेच ठेवली.

“हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस कधी? आणि मला तरी कुठे माहीत होतं? आज सकाळी कळलं. हनुवटी वर कर.”

हनुवटी झाली. वरचा ओठ झाला. शेवटी थोरल्याने ओला टॉवेल भावाच्या तोंडावर जरा जोरातच टाकला. धाकट्याने तो बाजूला केला, आरशाजवळ गेला, बोटांनी गाल, गळा, कानामागचा भाग चाचपून पाहिला. तो बराच वेळ शोधत होता. त्याला काहीतरी सापडायला हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. काही सापडलं नाही. मग तो आतल्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने पहिलं गिऱ्हाईक आलं, ऑक्टोपस ऐकलेला तो शिंपी. दारापाशीच्या खुर्चीत बसला आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाला, “कॅलेंडर कुठे गेलं?”

“त्यांना सांगा,” आतून धाकट्याचा आवाज आला, “डाव्या कानाखाली दोन केस सोडलेत. पोरंसुद्धा याहून बरी दाढी करतात. आणि सांगा, उद्यापासून रोज पहिली दाढी माझी. रोज. ज्या दिवशी रक्त दिसेल, त्या दिवशी दुसरा वस्तरा हातात घ्यायच्या आधी ही खुर्ची हलवेन मी.”

“त्यांना सांगा,” थोरला ब्रश भिजवत म्हणाला, “येताना स्वतःचा टॉवेल आणावा. दुकानाचा फुकट नाही.”

शिंप्याने निरोप सांगायला तोंड उघडलं.

“मान सरळ!” दोघे ओरडले.

थोरल्याने शिंप्याच्या गालावर साबण फिरवला आणि कुणाच्या जबड्यावर केस कसे उलटे वाढतात ते त्याला सांगायला सुरुवात केली. नाव कुणाचं घेतलं नाही. हात स्थिर होता. बोलता बोलता त्याने आरशातून आतल्या खुर्चीकडे पाहिलं, भावाच्या कपाळाकडे, भुवयांकडे, मानेवरच्या खळगीकडे, जिथे तो कधी गेला नव्हता. रोज एक याप्रमाणे तो चेहरा आपल्याला किती दिवस पुरेल, याचा तो अंदाज घेत होता.